खान्देशात सहकुटुंब कॅम्पिंग: सामान आणि स्वयंपाकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं गाडीनं जाणाऱ्या, चार ते आठ माणसांच्या कुटुंबासाठी आहेत. मुक्काम एक किंवा दोन रात्रींचा धरला आहे. पाठीवर सामान घेऊन सातपुडा चढणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो, तो इथे नाही.

शेतात भरीत पार्टी तर दर हिवाळ्यात करतो. मुक्कामासाठी वेगळं असं काय लागतं?

स्वयंपाकासाठी जवळपास काहीच नाही. ज्या घरानं तुरीच्या काड्यांवर वीस माणसांची वांगी भाजली आहेत, त्या घराला उघड्यावर रांधायला कोणी शिकवायला नको. फरक पडतो तो रात्रीमुळे. भरीत पार्टी आटोपली की आपण घरी येऊन पलंगावर पडतो. मुक्कामात त्याच जमिनीवर पहाटेपर्यंत झोपायचं असतं, आणि विहिरीची मोटर किंवा शेजारच्या मळ्यातला माणूस हाकेच्या अंतरावर असेलच असं नाही.

म्हणून पैसा अंथरूण, उजेड आणि तंबूवर घाला. भांडी घरचीच घ्या. कॅम्पिंगच्या नावानं विकला जाणारा, एकात एक बसणारा ॲल्युमिनियमचा संच दुकानात फार गोड दिसतो. पण त्यातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात चार माणसांची खिचडी मावत नाही आणि पातळ बुडाला लसूण क्षणात करपतो.

कधी जावं आणि कुठे?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. त्यानंतर ऊन चढत जातं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात असतो, तेव्हा तंबूची गोष्टच काढू नका. पावसाळ्यात सातपुड्यातले नाले वर कुठेतरी झालेल्या पावसानं एकाएकी फुगतात. कोरडी दिसणारी वाळू कितीही सपाट असली तरी नाल्याच्या पात्रात तंबू लावायचा नाही, हिवाळ्यात अवकाळीचे ढग असले तरीसुद्धा.

तोरणमाळ, पाल, पाटणादेवी ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. तोरणमाळला यशवंत तलावामुळे आणि साधारण ११५० मीटर उंचीमुळे हवा छान असते, मात्र महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस टाळा. पाल परिसराला यावल अभयारण्य लागून आहे, तर पाटणादेवी गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात येतं. अभयारण्यात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. मुक्काम कुठे चालतो, विश्रामगृहाच्या आवारात परवानगी मिळते का, हे वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात आधी विचारा.

पहिलीच वेळ असेल तर माझं मत अगदी साधं आहे: मामाच्या किंवा आत्याच्या मळ्यात जा. विहीर आहे, ओळखीचा माणूस आहे, काही विसरलं तर गाव जवळ आहे. एक रात्र तिथे काढली की कोणती वस्तू लागते आणि कोणती उगाच वाहिली, हे आपोआप कळतं.

मळ्यात तंबू नेमका कुठे लावायचा?

खळ्याच्या जागी किंवा गोठ्यापासून थोडं लांब, मोकळ्या मुरमाड जागेवर. केळीच्या बागेत नको. तिथे ओल असते, डास असतात, पाल्यापाचोळ्यात काय दडलंय ते दिसत नाही. शिवाय ठिबकच्या नळ्या जमिनीवर पसरलेल्या असतात. तंबूची खुंटी एका नळीतून आरपार गेली तर सकाळी मालकाला काय सांगणार?

कपाशी किंवा तूर काढलेल्या रानात धसकटं राहतात. ती तंबूचा तळ फाडतात आणि लहान मुलांचे पायही. जागा निवडल्यावर आधी खुरप्यानं धसकटं काढा, सराटे वेचा, मगच काहीही अंथरा.

जंगलात चूल पेटवता येईल का?

नाही असंच धरून चाला. राखीव वनात आग लावण्यावर भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार बंदी आहे, आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी सातपुड्यात हिवाळा सरता सरता गवत वाळून कोळ होतं. सागाची पानगळ सुरू झालेली असते. वाऱ्यानं एक ठिणगी उडाली तर ती विझवायला तुमच्याकडे पिण्याच्या पाण्याचे दोन जार असतात, बस.

धुराचं आणखी एक. कड्याकपारींना आणि उंच झाडांना आग्या मोहळं असतात. खाली धूर झाला की माश्या उठतात. लेण्यांच्या किंवा कड्याच्या पायथ्याशी शेगडी मांडायची असेल तर आधी मान वर करून नीट पाहा.

शेतात चूल पेटवायची असेल तर तीन दगड, भोवती हातभर जागा साफ, शेजारी पाण्याची बादली. झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओतून, राख काठीनं ढवळून, परत पाणी ओता. वरून माती लोटली तर आत विस्तव तसाच राहतो.

गॅसची शेगडी कोणती घ्यावी?

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पाच-सहा माणसं असतील आणि गाडीत जागा असेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर आणि एका बर्नरची लोखंडी शेगडी. तेल आणि गॅस कंपन्यांचे हे छोटे सिलिंडर एजन्सीत, तसंच काही पेट्रोल पंपांवर अधिकृतपणे मिळतात. गल्लीतल्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून भरून दिलेली टाकी घेऊ नका. तिच्या व्हॉल्व्हचा आणि भरलेल्या वजनाचा भरवसा नसतो, आणि तीच तुम्ही बंद गाडीत मुलांच्या मागे ठेवणार असता.

हिशेब असा: मोठ्या आचेवर छोटी शेगडी ताशी साधारण १५० ते २०० ग्रॅम गॅस खाते. दोन दिवसांत चहा, दोन जेवणं, नाश्ता, आंघोळीला थोडं कोमट पाणी धरलं तरी ५ किलोचा सिलिंडर पुरून उरतो. तीन-चार माणसांना डब्याच्या गॅसवर चालणारी, पेटीसारखी सपाट शेगडी पुरते. तिच्या एका डब्यात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास गॅस असतो, म्हणजे मोठ्या आचेवर तास-दीड तास. दोन जेवणांना दोन डबे आणि एक जादा.

या पेटीच्या शेगडीवर भाकरीचा मोठा तवा ठेवू नका. तवा डब्याच्या झाकणावर पसरतो, उष्णता खाली परतते, आतला डबा तापतो आणि फुटू शकतो. लहान तवा घ्या किंवा भाकरी घरून न्या. वारा अडवायला पत्र्याचा आडोसा चालेल, पण तोही शेगडीला चारी बाजूंनी वेढून नको.

थंडीत पहाटे या डब्याची ज्योत मिणमिणती होते. आत मुख्यतः ब्युटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या जवळपास उकळतो, त्यामुळे तापमान उतरलं की डब्यात दाबच राहत नाही. रात्री डबा गोधडीत गुंडाळून ठेवावा. ज्योतीवर धरून गरम करायचा नाही, हे सांगायची गरज नसावी, पण लोक करतात.

शेगडी तंबूच्या आत पेटवायची नाही. थंडी वाजतेय म्हणूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही. निखाऱ्यांची पाटी आत घेणं हे त्याहूनही वाईट.

एसटीनं किंवा रेल्वेनं जाणार असाल तर सिलिंडर नेता येत नाही. तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी जेवणाची सोय असेल अशीच जागा निवडा.

घरातली कोणती भांडी काढायची?

पाच लिटरचा कुकर, जाड बुडाची एक कढई, मध्यम तवा, चहाचं पातेलं, एक परात. बास. सहा माणसांपर्यंत यात सगळं होतं. परात कणीक मळायला लागते, तीच भाजी चिरायला, तीच भांडी घासायला.

कुकर जड म्हणून लोक घरी ठेवतात, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त गॅस वाचवतो. तोरणमाळच्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. निघण्याआधी रिंग आणि शिट्टी तपासा. डोंगरावर कुकरची रिंग मिळत नाही.

याशिवाय सांडशी, झारा, उलथनं, डाव, किसणी नको पण विळी किंवा चांगली सुरी, लाकडी पाट, लायटर आणि काडेपेटी दोन्ही. काडेपेटी प्लास्टिकच्या डबीत, कारण दव सगळीकडे शिरतं. मिसळणाचा डबा जसाच्या तसा उचलायचा, झाकणाला रबर लावून. तेल स्टीलच्या बरणीत नेलं की सांडतं. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत न्या आणि बाटली पातेल्यात उभी ठेवा.

खापर घरीच राहू द्या. मांडे करणारी जिजी सोबत आली तरी. खापर फुटतं, त्याला चुलीची धग लागते, आणि पुरणाचा घाट डोंगरावर घालायचं काही कारण नाही.

ताटांऐवजी पत्रावळी घेतल्या तर पाणी वाचतं. रावेर-यावलच्या बाजूनं जात असाल तर वाटेतच केळीची पानं मिळतात. थर्माकोलच्या ताटल्या नकोत.

चूल नाही तर भरीत कसं करायचं?

भरीत करायचंच, हे गृहीत धरून उत्तर देतो.

भाजण्याचं काम तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवरच व्हायला हवं. गॅसवर जाळी ठेवून एकेक वांगं भाजत बसलात तर आठ माणसांच्या वांग्यांना तास-दोन तास जातात. वर वांग्याचं पाणी गळून बर्नरची छिद्रं बुजतात. आणि चव? गॅसवरच्या वांग्याला धुराचा वास येत नाही, आणि तो नसेल तर खान्देशी माणूस त्याला भरीत म्हणत नाही.

तेव्हा वांगी आधीच भाजून घ्या. शेतात सोय असेल तर सकाळी तिथे भाजा, नाहीतर जळगावात हिवाळ्यात भरीत सेंटरवाले वांगी भाजून देतात. मोठी, हिरवी, कमी बियांची भरताची वांगी घ्या, भाजण्याआधी टोचे मारा, नाहीतर फुटतात. भाजलेली वांगी सोलून, गर निथळून, पूर्ण गार झाल्यावर स्टीलच्या डब्यात भरा. गरम भरलात तर झाकणाखाली पाणी सुटतं आणि गर आंबूस होतो. थंडीच्या दिवसात सकाळचा गर संध्याकाळपर्यंत चांगला राहतो, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

तिथे पोहोचल्यावर काम दहा-पंधरा मिनिटांचं. हिरव्या मिरच्या आणि लसूण तेलात परतून ठेचायचं, गर त्यात घालून लाकडी मुसळीनं घोटायचा. मुसळी न्यायला विसरू नका, डावानं तो पोत येत नाही. मग कढईत सढळ तेल, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, बारीक चिरलेली कांद्याची पात, शेवटी कोथिंबीर. टोमॅटो घालू नका. ज्याला टोमॅटो हवाच त्यानं स्वतःच्या पानात घ्यावा.

सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. ती घरून करून सुती फडक्यात बांधून नेली तर रात्रीपर्यंत मऊ राहते.

बाकी दोन दिवसांचा स्वयंपाक कसा आखावा?

अर्धं काम घरच्या ओट्यावर, अर्धं तिथे. वाटण घरी करायचं: कांदा आणि सुकं खोबरं काळपट भाजून, लसूण, आलं, कोथिंबीर घालून पाणी न वापरता वाटा. तेलात परतून डब्यात भरलं की थंडीत दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतं. या एका डब्यावर दोन भाज्या निघतात.

पहिली शेवभाजी. कॅम्पिंगसाठी याहून सोयीची भाजी मला माहीत नाही. चिरणं नाही, शिजायची वाट पाहणं नाही. वाटण, काळा मसाला, तिखट, तेल सुटेपर्यंत परतायचं, गरम पाणी घालून तर्री उकळायची. शेव मात्र भाजीची जाड घ्या आणि पानात वाढताना घाला. पातेल्यात आधीच टाकली तर पंधरा मिनिटांत पिठलं होतं.

डाळ-बट्टीची युक्ती अनेकांना ठाऊक आहे, तरी सांगतो. जाड दळलेलं गव्हाचं पीठ, थोडं मक्याचं, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन घालून वळलेल्या बट्ट्या घरीच उकडा. गार झाल्या की फडक्यात बांधा. तिथे फक्त कापून तळायच्या आणि कुकरमध्ये वरण लावायचं. उघड्यावर कढईभर तेल तापवताना मुलांना लांब बसवा, आणि शेगडी सपाट दगडावर नसेल तर तळण करूच नका. तव्यावर तेल सोडून खरपूस भाजलेले कापही वाईट लागत नाहीत.

दुसऱ्या रात्री सगळे दमलेले असतात. तेव्हा तूरडाळीची खिचडी, वरून कच्चं तेल, भाजलेले बिबडे (ज्वारीचे पापड), लोणचं. डाळ-तांदूळ, हळद, तिखट, मीठ घरीच एका पिशवीत एकत्र करून आणा, म्हणजे अंधारात डबे शोधायला नकोत.

सकाळी पोहे, किंवा उरलेल्या भाकरीचा कुस्करा फोडणीला. चहा-साखर नेहमीच्या दीडपट घ्या. थंडीत चहा जास्त होतो, आणि पहाटे उठलेला प्रत्येक जण दोनदा घेतो.

दूध, दही, मटण कसं टिकवायचं?

दुधाची पावडर घ्या किंवा वाटेतल्या शेवटच्या गावातून दूध घेऊन पोहोचल्याबरोबर तापवा. दही नेऊ नका.

मटण पहिल्याच रात्री. तेही शेवटच्या बाजारगावातून घेतलेलं, किंवा घरून हळद-मीठ लावून बर्फाच्या डब्यात ठेवलेलं. दुसऱ्या रात्रीसाठी मटण राखून ठेवण्याचा बेत दिसला की घरातल्या मोठ्यांनी मोडता घालावा. जंगलाच्या कडेला तर मटणाचा वास रात्रभर दरवळत ठेवणं नकोच.

पाणी किती न्यावं?

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला चार-पाच लिटर. सहा माणसांना दोन दिवस म्हणजे २० लिटरचे तीन जार. भांडी आणि हातपाय धुण्याचं पाणी तिथलं वापरता येईल का ते आधी विचारून घ्या, नाहीतर चौथा जार न्या. जारला तोटी बसवून घ्या. वाकवून ओतण्यात निम्मं पाणी पायावर जातं.

झऱ्याचं, तलावाचं पाणी प्यायची वेळ आली तर फडक्यानं गाळा, तुरटी फिरवून निवळू द्या, मग खळखळ उकळा. निवळलेलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण तुरटीनं जंतू मरत नाहीत. शेतात मुक्काम असेल तर औषध फवारणीचे रिकामे कॅन पाण्याला वापरायचे नाहीत, कितीही धुतलेले असले तरी.

तंबू किती माणसांचा घ्यावा?

पिशवीवर 'चार माणसांचा' लिहिलं असेल तर त्यात दोन मोठी आणि दोन लहान मुलं झोपतात, तीही कूस न बदलता. आपण गोधड्या नेणार, त्यामुळे एक आकडा वरचा घ्या. आठ जणांना एका मोठ्या तंबूपेक्षा दोन मध्यम बरे. आजोबांचं घोरणं वेगळ्या तंबूत गेलेलं सगळ्यांनाच सोयीचं.

दोन थरांचा तंबू घ्या: आत जाळीदार, बाहेर पाणी न शिरणारं कापड. एका थराच्या तंबूत पहाटे श्वासाचं पाणी आतून ठिबकतं. आणि तळ तंबूला शिवलेला हवा, चेन पूर्ण बंद होणारी हवी. यावर खाली सापांच्या प्रश्नात पुन्हा येतो.

खाली ताडपत्री अंथरा, पण ती तंबूच्या तळाहून चार बोटं आतच राहू द्या. बाहेर आलेल्या कडेवर दव जमतं आणि तेच पाणी तंबूखाली सरकतं. दुसरी मोठी ताडपत्री स्वयंपाकाच्या जागी छपरासारखी बांधायला, सुंभ किंवा नायलॉनची दोरी भरपूर.

तंबूच्या खुंट्या आपल्या जमिनीत टिकतात का?

सोबत येणाऱ्या बारीक खुंट्या नाही टिकत. तापीकाठच्या काळ्या मातीत, वरची कोरडी असली तर भेगांत सैल होतात, ओली असली तर वाऱ्याच्या पहिल्या झोतात उपटून येतात. सातपुड्यात आणि साक्री-चाळीसगावच्या डोंगरात चार बोटांखाली कातळ लागतो आणि खुंटी वाकते. गावातल्या लोहाराकडून किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानातून बोटाएवढ्या जाड सळईचे हातभर लांबीचे, वर आकडा वळवलेले खुंट करून घ्या. स्वस्तात होतं, आयुष्यभर पुरतं. कातळावर दोरी मोठ्या धोंड्याला गुंडाळायची. हातोडी न्या, दगडानं खुंट ठोकताना बोटं चेंगरतात.

थंडीसाठी स्लीपिंग बॅग घ्यावीच लागते का?

डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावात पारा १० अंशांखाली जातो, तोरणमाळकडे त्याहून कमी. गाडी असेल तर स्लीपिंग बॅगशिवाय भागतं. लोक पांघरुणांची चळत नेतात आणि तरी कुडकुडतात, कारण थंडी खालून येते. अंगाखाली दाबलेल्या कापडात हवा उरत नाही. माणशी फोमची एक पट्टी, त्यावर सतरंजी, त्यावर गोधडी, आणि वरून रग. फुगवायची गादी मऊ असते, पण तिच्यातली हवा रात्री गार पडते, त्यामुळे तिच्यावरही गोधडी लागतेच.

कानटोपी, मोजे, झोपण्यासाठी कोरडे कपडे वेगळे. दिवसभराचे घामट कपडे घालून झोपू नका.

साप-विंचवाचं काय?

भीती रास्त आहे, आणि तिच्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे चेन लावलेला तंबू. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. चावा इतका बारीक असतो की कित्येकांना कळतही नाही. उघड्यावर सतरंजी टाकून चांदण्यात झोपण्याची हौस हिवाळ्यातसुद्धा नको. खाटेवर झोपणार असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून.

तंबूची चेन आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी लावायची. बूट-चपला आत घ्या किंवा सकाळी उलट्या करून झटका. दगड, लाकूड उचलताना आधी काठीनं हलवा. रात्री उठताना बॅटरी आणि पायात बूट.

दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं नाही. दंशाचा अवयव न हलवता माणसाला आडवं ठेवा, १०८ ला फोन करा किंवा थेट सरकारी रुग्णालय गाठा, सर्पदंशावरची लस तिथे मिळते. लाल विंचू मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे साधं औषध वेळेत दिलं तर जीव वाचतो हे दाखवून दिलं, म्हणून विंचवालाही उतारा-मंत्रात वेळ घालवू नका. निघण्याआधी जवळचं रुग्णालय कुठलं आणि रस्ता किती वेळाचा, हे कागदावर लिहून घ्या. सातपुड्याच्या दऱ्यांत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

औषधांच्या डब्यात काय?

क्षार-साखरेची पाकिटं, तापाची गोळी आणि मुलांचं सिरप, ॲलर्जीची गोळी, पट्टी-कापूस, जंतुनाशक, भाजल्याचं मलम, काटा काढायला चिमटा, डासांचं मलम. घरात कोणाला रोजची औषधं असतील तर ती एक दिवस जादा.

उजेडासाठी काय न्यावं?

माणशी एक बॅटरी, मुलांनाही. स्वयंपाक करणाऱ्याला डोक्याला बांधायची बॅटरी द्या. एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हातानं फोडणी देता येत नाही. मध्ये टांगायला चार्जिंगचा कंदील, पिवळ्या उजेडाचा. पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात आणि ते सरळ वरणात पडतात.

शौचाची सोय?

हा प्रश्न बायका विचारतात आणि पुरुष ठरवतात, ते उलटं हवं. आजी, गरोदर बाई किंवा लहान मुली सोबत असतील तर स्वच्छतागृह असलेलीच जागा निवडा. नसेल तर उभा, अरुंद आडोशाचा तंबू मिळतो, तो घ्या. पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, खुरप्यानं वीतभर खड्डा, नंतर माती लोटायची. टिश्यू आणि पॅड पुरायचे नाहीत, बंद पिशवीत परत आणायचे.

उरलेलं अन्न रात्री कुठे ठेवायचं?

गाडीत, काचा बंद करून. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. कुत्री, मुंग्या, उंदीर येतातच. गौताळ्यात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे खरकटं तंबूजवळ फेकून त्याला किंवा कुत्र्यांना आमंत्रण देऊ नका. दिवसा देवस्थानांजवळ माकडं पिशवी हातातून ओढतात, त्यांना काही खाऊ घालू नका.

भांडी राखेनं किंवा थोड्या साबणानं घासा, पण तलावात, झऱ्यात नाही. परातीत घासून ते पाणी लांब मातीवर ओता.

हे सगळं एकदम विकत घ्यावं का?

नको. क्रम असा: आधी बॅटऱ्या आणि फोमच्या पट्ट्या, कारण त्या घरातही वापरात येतात. मग ५ किलोचा सिलिंडर, तो लग्नकार्यातही उपयोगी पडतो. तंबू सगळ्यात शेवटी, आणि पहिल्या वेळी कोणाचा तरी मागून. घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, कॉफीचं यंत्र यांत जागा जाते. आजी-आजोबांसाठी मात्र दोन खुर्च्या जरूर घ्या, त्यांना मांडी घालून तासभर बसवत नाही.

परत आल्यावर तंबूचं काय करायचं?

त्याच दिवशी गच्चीवर पसरून वाळवा, दोन्ही थर वेगळे करून. दवानं ओला तंबू गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरतो आणि त्याचा वास जात नाही. कडक उन्हात दिवसभर टाकू नका, कापड विरतं; सकाळचं ऊन पुरे. चेनमधली माती जुन्या ब्रशनं झाडा. मग घट्ट न गुंडाळता सैल पिशवीत, माळ्यावर नव्हे तर कपाटात, कारण माळ्यावर उंदीर असतात आणि तंबूच्या कापडाला जरा जरी शेवभाजीचा वास राहिला असेल तरी ते कुरतडतात. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा, आणि खुंट मोजून ठेवा, एखादा शेतात राहिला असेल तर नांगरटीआधी मालकाला कळवावं लागतं.